वस्तीतली मांजरे : वर्गणी कशासाठी आणि कशी?

कात्रजच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांमध्ये मांजर नाही अशी गल्ली सापडणे कठीण. संतोषनगर असो की दत्तनगर, मासळी-मटणाचे दुकान, कचऱ्याचा कोपरा आणि पत्र्याखालची उबदार जागा एवढे मिळाले की मांजर तिथेच व्यायते. उंदीर कमी राहतील म्हणून आपणही त्यांना हाकलत नाही. पण वर्षभरात चाराची चौदा होतात आणि मग भांडणे सुरू होतात. कुणी खाऊ घालणाऱ्या मावशींना बोलते, कुणी पिल्ले गोणीत भरून घाटात सोडून येते, रात्रभर बोके ओरडतात, सार्वजनिक संडासाच्या मागे घाण होते. हे थांबवण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे नसबंदी. त्यासाठी पैसे लागतात. ते कसे उभे करायचे, हे या वेळी पाहू.

संख्या का वाढते?

भाटी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते. गाभणपणाचा काळ जेमतेम नऊ आठवडे. एका वेळी तीन-चार पिल्ले होतात, आणि वर्षात दोन-तीन वेळा ती विऊ शकते. त्यातली बरीच पिल्ले उपासमारीने, आजाराने किंवा गाडीखाली सापडून मरतात. म्हणजे वस्तीत दिसणारी गर्दी ही जगलेल्यांची असते, मेलेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

मांजरे उचलून दूर सोडली तरी उपयोग होत नाही. अन्न आणि आडोसा तिथेच राहतो, त्यामुळे रिकाम्या जागेत आजूबाजूची नवी मांजरे येतात आणि तीही वितात. उलट नसबंदी केलेली मांजरे आपल्या जागेवर राहतात, नव्यांना सहज शिरू देत नाहीत आणि संख्या हळूहळू उतरते. मात्र दहातल्या दोघांची करून भागत नाही, सात-आठांची व्हावी लागते. एका गल्लीचे काम पुरे करूनच पुढच्या गल्लीत जावे, ते याचसाठी.

नसबंदीत भाटीचे बीजांडकोश व बहुधा गर्भाशय काढतात, तर बोक्याचे वृषण काढतात. बोक्याचे काम काही मिनिटांत होते, तो दुसऱ्या दिवशी सोडता येतो. भाटीला दोन-तीन दिवस पिंजऱ्यात जपावे लागते. भूल उतरण्याआधी डॉक्टर कानाचे टोक थोडेसे कापतात. ही खूण दिसली की तेच मांजर पुन्हा पकडावे लागत नाही.

आपल्या आरोग्याशी काय संबंध?

रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो, हा गैरसमज आहे. रेबीज झालेले मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तरी माणसाला रेबीज होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा आणि सांगितलेली सर्व इंजेक्शने पुरी करा. ‘नुसते ओरबाडले आहे’ म्हणून घरी बसू नका. नसबंदीच्या वेळीच मांजराला रेबीजची लस टोचून घेतली तर एका खर्चात दोन कामे होतात.

गर्भवती भगिनींनी मांजराची विष्ठा साफ करू नये. तिच्यातून टोक्सोप्लाझ्मा हा जंतू पोटातल्या बाळापर्यंत जाऊ शकतो. ताजी विष्ठा लगेच संसर्ग देत नाही, त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणी ती रोजच्या रोज उचलावी आणि हात धुवावेत. हाच जंतू अर्धवट शिजलेल्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, तेव्हा सारा दोष मांजरावर टाकू नये.

‘माणसांनाच पुरत नाही, मांजरांना कुठून?’

हा प्रश्न वस्तीत विचारला जाणारच, आणि तो रास्त आहे. मुलांची फी, आजारपण, घरभाडे यांतून कुणाचा घास काढून मांजरांना द्या, असे आम्ही म्हणत नाही. पण खर्च आताही होतोच आहे. मूल चावले की मजुरीचा दिवस बुडवून दवाखाना गाठावा लागतो, आणि मांजरांवरून शेजाऱ्यांत अबोला धरला जातो तो वेगळाच. शिवाय बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व जीवांपर्यंत पोचणारी सांगितली आहे. पिल्ले गोणीत भरणे तिच्यात बसत नाही.

पैसा कसा उभा करावा?

पहिले काम मोजणीचे. दोन तरुण आणि खाऊ घालणारी एक ताई यांनी आठवडाभर एकाच वेळी फेरी मारून भाट्या किती, बोके किती, पिल्ले किती आणि कान कापलेली किती, हे वहीत लिहावे. आकडा हातात नसताना वर्गणी मागितली तर लोक देत नाहीत.

दुसरे काम चौकशीचे. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे मांजरांच्या नसबंदीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. औंधचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्था यांच्याकडेही दर आणि सवलत विचारा. मुंबईत महापालिकेने २०१९पासून मांजरांची नसबंदी हाती घेतली आहे. वस्तीने एकत्र अर्ज केला तर मागणीला वजन येते.

तिसरे काम हिशेबाचे. उदाहरण म्हणून धरा, औषध आणि लसीसह मांजरामागे १५०० रुपये सांगितले. बारा मांजरांचे १८,००० झाले. चाळीस घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर २००० जमतात, म्हणजे नऊ महिन्यांत काम पुरे. तोवर थांबायचे नाही. जमतील तशा आधी भाट्या करून घ्यायच्या.

जयंतीच्या वर्गणीची वही आपण कशी ठेवतो, तशीच ही ठेवावी. प्रत्येकाला पावती, दोन जणांच्या सहीने चालणारे खाते, आणि महिन्यातून एकदा विहारात वंदनेनंतर जमाखर्चाचे जाहीर वाचन. दवाखान्याची बिले भिंतीवर लावावीत. पैसा एकाच्या खिशात किंवा एकाच्याच मोबाइलवर जमू देऊ नये. ज्यांना पैसे देणे जमत नाही त्यांनी पिंजरा वाहावा, रिक्षाने पोचवावे, भाटीला दोन रात्री सांभाळावे. तीही वर्गणीच आहे.

वस्तीबाहेर जाहीर आवाहन करायचे असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लक्षात ठेवा. धर्मादाय आयुक्त कार्यालयात आधी चौकशी करा, किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फतच पैसे घ्या. कंपन्यांच्या सामाजिक निधीत प्राणी कल्याण बसते, पण तो निधीही अशाच संस्थेकडून मागावा लागतो.

रोजची काळजी

खाणे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात घाला आणि अर्ध्या तासाने उरलेले उचला. दूध देऊ नका, मोठ्या मांजरांना त्याने हगवण लागते. पाणी ठेवा. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका, ती मांजराचा जीव घेते. पिल्ले पाजणारी भाटी पिल्ले दीड-दोन महिन्यांची होऊन खाऊ लागल्यावरच न्या. शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचे हे डॉक्टरांना विचारा.

दयेपोटी सगळी मांजरे घरात कोंडणेही बरे नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरे असल्याचे उघड झाले आणि महापालिका, पोलिसांना लक्ष घालावे लागले. अशा गर्दीत ना मांजरे सुखी राहतात, ना शेजारी.

आणि विष घालणे हा तर गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६०पासून आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५नुसार प्राण्याला विष घालून मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-कमधले आपले मूलभूत कर्तव्यही आहे.

येत्या रविवारी विहारात विषय काढा. वही, पेन आणि फेरी मारायला तीन माणसे एवढ्यावर मोजणी सुरू होते.