साबाए: चष्म्याचं ज्ञान कुणाकडे असतं?

आपल्या नाकावरचा चष्मा कुणी केला, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. जपानच्या फुकुई प्रांतातल्या साबाए या छोट्या शहरात, तिथल्या मेगाने म्युझियममधली जुनी अवजारं पाहताना, तो आम्हाला पडला. जपानी बनावटीच्या चष्म्याच्या फ्रेम्सपैकी ९० टक्क्यांहून अधिक याच परिसरात होतात. का? तर बर्फ! हिवाळ्यात शेती बंद. म्हणून १९०५ मध्ये मासुनागा गोझाएमोन यांनी शेजारच्याच एका खेड्यात ओसाकाहून कारागीर आणवले आणि शेतकऱ्यांना हा जोडधंदा शिकवला. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टायटॅनियमची फ्रेमही इथेच घडली.

आता गंमत बघा. एका फ्रेमचे दोनशेच्या आसपास टप्पे. कुणी बिजागरी बसवतो, कुणी झाळकाम करतो, कुणी नुसतं पॉलिश. तेही वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांत. मग चष्मा करण्याचं ज्ञान नेमकं कुणाकडे? पूर्ण असं एकाकडेही नाही. ते अख्ख्या गावाकडे मिळून आहे. म्हणूनच एखादा म्हातारा पॉलिशवाला वारस नाही म्हणून काम थांबवतो, तेव्हा सगळ्या गावाचं ज्ञान थोडं कमी होतं. ज्ञान एकेकाच्या डोक्यात असतं, असं आपण धरून चालतो. साबाएत ते शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये राहतं.