नाम दाखवता येतं, 'आहे' कसं दाखवणार?

तिसरी-चौथीच्या मुलांना नामाची व्याख्या विचारली तर ती बहुधा धडाधड म्हणून दाखवतात. मग 'खाली' या शब्दाची जात विचारा. वर्ग गप्प होतो, आणि त्यात मुलांची चूक नाही. प्रश्नच अपुरा आहे. शब्द वाक्यात कोणतं काम करतो त्यावरून त्याची जात ठरते. सुटा शब्द काहीच काम करत नसतो. हे मुलांना उमगावं यासाठी वर्गातच छोटे व्हिडिओ करून घेणं हा मला फार चांगला मार्ग वाटतो. कॅमेरा समोर आला की मुलाला ठरवावंच लागतं, की या शब्दासाठी नेमकं काय टिपायचं?

तयारी थोडीच लागते. शिक्षकांचा एक मोबाइल, चार-पाच मुलांचा गट आणि वहीच्या पानावर आखलेले सहा चौकोन. प्रत्येक चौकोनात एका दृश्याचं चित्र, खाली एक वाक्य. हे पान पुरं झाल्याशिवाय मोबाइल हातात द्यायचा नाही, कारण व्याकरणाचा खरा विचार या पानावरच होतो. मोबाइल आडवा धरून पुस्तकांच्या चळतीला टेकवावा, उजेड कॅमेऱ्याच्या मागून यावा आणि पंखा बंद असावा, नाहीतर आवाजात घरघर येते. एक दृश्य आठ-दहा सेकंदांचं पुरे. चौकोनांच्या क्रमानेच, मध्ये थांबवत रेकॉर्डिंग केलं तर नंतर जोडकामही उरत नाही.

नामाला वेळ लागत नाही. खडू, दप्तर, घंटा: बोट दाखवा, टिपा. विशेषणाशी मात्र पहिली अडचण येते. 'मोठा दगड' म्हणून मुलं एक दगड टिपतात आणि बघणाऱ्याला नुसता दगड दिसतो. शेजारी लहान दगड ठेवल्याशिवाय 'मोठा' दिसत नाही, हे त्यांचं त्यांना सापडू द्यावं. इथेच आवाजाचंही काम आहे. पांढरा खडू, पांढरी टोपी, पांढरं फूल असं ओळीने बोलताना शब्द बदलतो. लाल खडू, लाल टोपी, लाल फूल म्हणताना बदलत नाही. का, हे लगेच सांगू नये. निळा, हिरवा, गोल, जड असे शब्द मुलांनी जमवले की शेवटच्या 'आ'कडे कुणाचं तरी लक्ष जातंच.

क्रियापदासाठी आधी फोटो काढून बघावा. एक पाय हवेत असलेली मुलगी: ती धावतेय, उडी मारतेय की पडतेय? फोटोत कळत नाही, व्हिडिओत कळतं. क्रियेला वेळ लागतो, हे व्याख्येपेक्षा इथे लवकर पटतं. पण मग 'दप्तर जड आहे' यातलं 'आहे' कसं टिपायचं? टिपता येत नाही. त्यासाठी 'दप्तर जड…' एवढंच बोलून रेकॉर्डिंग थांबवावं आणि वर्गाला ऐकवावं. मुलं आपोआप 'आहे' म्हणतात. वाक्य पुरं करण्याचं काम त्या शब्दाचं, म्हणून तोही क्रियापद. असंच काहीसं 'आंबटपणा'चं. कैरी टिपता येते, खाणाऱ्याचं वाकडं तोंड टिपता येतं, आंबटपणा स्वतः कुठेच दिसत नाही. तरी तो नामच.

क्रियाविशेषणासाठी तीच मुलगी त्याच रस्त्याने दोनदा चालवावी, एकदा हळू आणि एकदा भराभर. बाकी काहीही बदलायचं नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'खाली'चा व्हिडिओ. पहिलं दृश्य: चेंडू बाकाखाली आहे. दुसरं: चेंडू खाली पडला. पहिल्या दृश्यात बाक चौकटीत हवाच, कारण 'खाली' त्याला चिकटलेलं आहे. 'बाक'चं 'बाका' झालंय तेही त्यामुळेच. हे शब्दयोगी अव्यय. दुसऱ्यात बाकाची गरज नाही, फक्त पडणं दिसायला हवं. तिथे 'खाली' क्रियेबद्दल सांगतं, म्हणून क्रियाविशेषण. चौकटीत काय ठेवायचं यावर गटात वाद होतो. तो होऊ द्यावा, शिक्षकांनी निकाल देण्याची घाई करू नये.

उभयान्वयी अव्ययासाठी दोन दृश्यं लागतात. पाऊस पडतोय. मुलं मैदानात आहेत. मध्ये 'आणि', 'तरी', 'म्हणून' असे वेगवेगळे आवाज घालून बघा. 'तरी' म्हटलं की मुलं हट्टी वाटतात, 'म्हणून' म्हटलं की भिजायलाच आलेली. दृश्यं तीच, गोष्ट निराळी. सर्वनामाला पहिल्या दृश्यात नाव आणि दुसऱ्यात 'ती' एवढं पुरतं. अरेरे, शाब्बास ही केवलप्रयोगी अव्ययं तर शिकवावीच लागत नाहीत.

व्हिडिओ आधी आवाज बंद करून दाखवावा. बघणाऱ्या गटाने वाक्य ओळखायचं, मग आवाज लावायचा. वाक्य जुळलं नाही तर दृश्यात काय कमी होतं ते बोलावं आणि तेवढं पुन्हा टिपावं. मुलांचे चेहरे दिसत असल्याने पालकांची परवानगी आधी घ्यावी, आणि व्हिडिओ वर्गातच ठेवावेत, कुठल्याही ग्रुपवर टाकू नयेत.

समजलं का, हे तपासायला मोबाइल बाजूला ठेवून फळ्यावर दोन नवी वाक्यं लिहावीत: पतंग वर गेला, पतंग झाडावर अडकला. 'जात ओळखा' असं न विचारता विचारावं, "यातल्या कुठल्या दृश्यात झाड दाखवावंच लागेल, आणि का?"