पुण्याच्या जुन्या आळ्या व त्यांचें रक्षण

(१) ‘आळी’ हा शब्द मराठींत इतका रुळला आहे कीं, त्याच्या मूळ अर्थाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. संस्कृत ‘आलि’ शब्दाचें हें मराठी रूप होय. अमरकोशांत हा शब्द वीथि, आवलि, पङ्क्ति व श्रेणी यांच्याबरोबर समानार्थी म्हणून दिला आहे. यांपैकीं वीथि म्हणजे रस्ताही होतो, आणि श्रेणी म्हणजे एका धंद्यांतील कारागिरांचा संघही होतो. घरांची ओळ, तिच्यासमोरचा रस्ता आणि तिच्यांत नांदणारा व्यवसाय या तिहींची मिळून आळी होते, हें भाषेनेंच सांगून ठेविलें आहे. पुण्यांतील तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, बोहरी आळी हीं नांवें त्याची साक्ष देतात. आज या भागांतील जुनीं घरें एकामागून एक पडत असून त्यांच्या जागीं बहुमजली इमारती उठत आहेत. अशा वेळीं रक्षण करावयाचें तें नेमकें कशाचें, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत विचारार्थ घेतला आहे. निवडक वाडे राखल्यानें आळी राखली जात नाहीं, हें त्यांत दाखवावयाचें आहे.

(२) शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला. त्यानंतर पेशव्यांच्या राजधानीभोंवतीं एकेक पेठ वसत गेली. कसबा पेठ मात्र त्याहून जुनी. या सर्व पेठांतील सामान्य घरांची घडण साधारणतः एकच आहे. खालीं घडीव दगडाचें जोतें, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि माथ्यावर कौलें. घराचा भार मुख्यतः लाकडी सांगाडा वाहतो. मधल्या जागा मातींत रचलेल्या विटांनीं किंवा नुसत्या पांढऱ्या मातीनें भरलेल्या असतात. दोन तुळयांमधील अंतरास खण म्हणत, व घराचें मोजमाप खणांवरून सांगत. शेजारच्या घराशीं भिंत बहुधा सामाईक असते.

या सामाईक भिंतींतच आळीचें मर्म आहे. दोन्ही घरांच्या तुळयांचीं टोकें पुष्कळ ठिकाणीं तिच्यांतच शिरलेलीं असतात. घरें एकमेकांस धरून उभीं असतात. दोन्हीकडून झांकलेली म्हणूनच ही मातीची भिंत शतकभर टिकते. उघडा पाऊस तिनें सोसावा अशी अपेक्षा बांधणारानें कधींच केलेली नव्हती.

(३) घराचा आणि धंद्याचा संबंधही असाच सामाईक असतो. कसबा पेठेंतील तांबट आळी पाहावी. तांबट स्वतःस त्वष्टा कासार म्हणवितात. त्वष्टा हा वेदांतील देवांचा शिल्पी. येथील जुन्या घरांत खालीं रस्त्याच्या अंगास कारखाना, आणि मागें व माडीवर बिऱ्हाड, अशी योजना असे. तांब्याच्या भांड्यावर सारखे ठोके देऊन त्यास बळकटी व झळाळी आणण्याच्या कामास मठारकाम म्हणतात. तें काम येथें आजही चालतें. परंतु हातोड्याचा नाद शेजारीही तोच धंदा करतो तोंपर्यंतच सह्य होतो. घर पाडून सदनिका झाल्या कीं तळमजल्यावर वाहनें उभीं राहतात, वर नवे रहिवासी येतात, आणि ठोक्यांच्या तक्रारी सुरू होतात. घर गेल्यामागून श्रेणी जाते ती अशी.

(४) घरें कां पडतात, याचीं कारणें गुंतागुंतीचीं आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्यांत विरघळल्या. तो आघात एका दिवसाचा होता. दुसरा अनेक वर्षें चाललेला आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानें प्रमाण भाडें १ सप्टेंबर १९४० च्या भाड्यास बांधून टाकलें. भाडेकरूस आसरा मिळाला हें त्या कायद्याचें पुण्य. परंतु मालकास पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळण्याइतकेंही उत्पन्न उरलें नाहीं, हें त्याचें फळ. १९९९ च्या नव्या कायद्यानेंही ही गांठ पुरती सुटली नाहीं. पन्हळ फुटते, पाणी भिंतींत मुरतें, खांबाच्या बुडाशीं वाळवी लागते. शेवटीं महानगरपालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमाखालीं धोकादायक इमारतीची नोटीस येते. सप्टेंबर २०२४ मध्यें भुयारी मेट्रो पेठांतून धांवूं लागली. जागेचें मोल वाढण्यास तेंही एक निमित्त झालें.

त्यांत एका घराची पाडापाड शेजाऱ्याच्या घरास भोंवते. सामाईक भिंत उघडी पडते, तुळयांचा आधार सुटतो, आणि शेजारीं तळघरासाठीं खोल खणल्यास पायाखालची माती सरकते. धडधाकट घरही मग चार-सहा पावसाळ्यांत धोकादायक ठरतें. एक घर पडणें हा पुढच्या घराच्या पडण्याचा आरंभ असतो. निवडक वाडा राखण्याची कल्पना अपुरी पडते ती येथें.

(५) सरकारी वारसा-याद्यांतही ‘श्रेणी’ हा शब्द आहे. परंतु तेथें तो ओळ या अर्थी नसून दर्जा या अर्थी आहे. वास्तु पहिल्या, दुसऱ्या कीं तिसऱ्या श्रेणींत घालावयाची, हें तिच्या गुणावरून ठरतें. तांबटाच्या दोन खणी घरास अशा परीक्षेंत गुण थोडेच मिळणार! मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमांत एकेका वास्तूबरोबर संबंध परिसराचाही विचार केलेला आहे. आळीस तोच मार्ग लागू पडतो.

केवळ कीर्तीनेंही घर वांचत नाहीं. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं ज्या भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली, तो वाडा दीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय स्मारकासाठीं पाडण्यांत आला. स्मृति राहील, वास्तु राहिली नाहीं.

(६) जीव धोक्यांत घालून लोकांनीं इतिहास राखावा, असें कोणीही म्हणणार नाहीं. अंधाऱ्या खोल्या व सामाईक शौचकूप यांचे हाल सोसणारांस नव्या घराची ओढ वाटणें स्वाभाविक आहे. म्हणून रक्षणाचा भार एकट्या मालकावर वा भाडेकरूवर टाकतां येत नाहीं. याबाबतींत अहमदाबादचें उदाहरण घेण्यासारखें आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या शहरावर पेशवे व गायकवाड यांचा दुहेरी अंमल होता. तेथील पोळींतील घरेंही लांकडी सांगाड्याचीं व भिंतीस भिंत लागलेलीं आहेत. २०१७ सालीं तें शहर जागतिक वारसा-यादींत गेलें. तेथें जुनें घर राखणाऱ्या मालकास न वापरलेला बांधकामाचा हक्क विकतां येतो, व त्या पैशांतून दुरुस्ती होऊं शकते. हीच सोय घरागणिक न देतां आळीगणिक दिली, तर सामाईक भिंतीचे दोन्ही धनी एका हितानें बांधले जातील.

दुरुस्तीचें शास्त्रही सोपें आहे. प्रथम छप्पर व पन्हळ सुधारावी. मातीच्या भिंतीस चुन्याचा गिलावा करावा. सिमेंटचा गिलावा ओल आंत कोंडतो. कुजलेल्या खांबाचें बूड तेवढें कापून नवें सागवान जोडतां येतें.

(७) संशोधकांचें कर्तव्य याहून निकडीचें आहे. पेशवाईंत रस्ते, बोळ व घरें यांविषयींचे तंटे, जागांची विक्री व लोकांची मोजदाद हीं कामें कोतवालाकडे असत. पुण्याच्या दफ्तरखान्यांतील जुने कागद आणि लोकांच्या घरचीं खरेदीखतें यांचा मेळ प्रत्यक्ष घराशीं घालावयाचा, तर तें घर उभें असतांनाच घातला पाहिजे. खण मोजावे, तुळयांची लांबी घ्यावी, सामाईक भिंती नकाशावर दाखवाव्या, कोणता कारखाना कोठें होता हें वृद्धांस विचारून लिहून ठेवावें. कागदांत ‘उत्तरेस अमक्याचें घर’ अशी चतुःसीमा असते. तें उत्तरेकडील घरच नाहींसें झालें, तर कागद हातीं राहूनही त्याचा अर्थ लावणें कठीण होईल. वाचकांपैकीं ज्यांचीं घरें या पेठांत आहेत, त्यांनीं पुढील पावसाळ्यापूर्वीं आपल्या आळीचा असा एक नकाशा करावा, अशी विनंती आहे.