सैनिकांच्या शेकर बॉटलमध्ये नेमकं काय? अमेरिकी सैन्यात वरिष्ठच का विचारपूस करतात?

डिसेंबर २०११. अमेरिकी लष्करी तळांवरच्या दुकानांतून (आपल्याकडच्या मिलिटरी कॅन्टीनसारखी दुकानं) काही सप्लिमेंट्स अचानक काढून टाकण्यात आली. व्यायाम करताना हृदयविकाराच्या झटक्याने दोन सैनिकांचा मृत्यू झाला होता आणि दोघांच्याही तपासणी अहवालात डीएमएए हा उत्तेजक घटक आढळला होता. मृत्यू त्यामुळेच झाले, हे पुढच्या चौकशीत ठामपणे सिद्ध झालं नाही. तरीही धोका पाहता ही उत्पादनं पुन्हा दुकानात आणू नयेत, असंच ठरलं.

मुद्दा असा, की ही पावडर चोरून आणलेली नव्हती. ती तळावरच मिळत होती.

असं कसं झालं?

अमेरिकेत १९९४च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित आणि परिणामकारक असल्याची सरकारी मंजुरी लागत नाही. औषधाला लागते, याला नाही. त्यामुळे 'एफडीए' ही नियामक संस्था बहुतेक वेळा तक्रारी आल्यावरच कारवाई करते. त्यात डब्यावर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहिलं, की कोणता घटक किती, हे कळायला मार्गच नाही.

मग वरिष्ठांचं काम काय?

रात्रपाळी, फिटनेस टेस्ट, वजनाची मर्यादा... सैनिक सप्लिमेंटकडे वळतो तो यातून. कोणता डबा घ्यायचा, हे मात्र बऱ्याचदा जिममधला सिनियर सांगतो. सार्जंट जे पितो, ते त्याच्या हाताखालची पोरं पिणारच. म्हणूनच २०१२ मध्ये सुरू झालेला 'ऑपरेशन सप्लिमेंट सेफ्टी' हा संरक्षण खात्याचा उपक्रम फक्त सैनिकांसाठी नाही, तर त्यांच्या नेतृत्वासाठी आणि डॉक्टरांसाठीही आहे.

ओरडून उपयोग होत नाही. शिक्षेची भीती घातली, तर सैनिक डबा लपवतो आणि डॉक्टरलाही सांगत नाही. त्यापेक्षा डबा समोर ठेवून सोबत लेबल वाचणं बरं. त्यासाठी उपक्रमाचं साधं सात प्रश्नांचं स्कोअरकार्ड आहे: त्रयस्थ संस्थेने तपासल्याचा शिक्का आहे का? घटक सहापेक्षा कमी आहेत का? एका वेळच्या मात्रेत कॅफीन २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आहे का? चार किंवा अधिक उत्तरं 'हो' आली, तर उत्पादन बहुधा ठीक. 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा, कारण लेबलवर नसलेला घटक लेबल वाचून सापडत नाही. तिथे 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट'सारखा शिक्का कामी येतो. त्यासाठी डब्यातला माल प्रयोगशाळेत तपासला जातो.

नोकरीही जाऊ शकते?

हो. मार्च २०२२च्या संरक्षण खात्याच्या आदेशाने सप्लिमेंट्सबाबत सगळ्या सैन्यदलांसाठी एकच धोरण आणलं. प्रतिबंधित घटकांची यादीही आहे. लघवीच्या चाचणीत अमली पदार्थ सापडला, तर करिअर अडचणीत येतं. ही चाचणी किती संवेदनशील असते? फेब्रुवारी २०२३ मध्ये संरक्षण खात्याने सैनिकांना चक्क खसखस टाळायला सांगितलं, कारण काही खसखशीत कोडीनचा अंश जास्त असू शकतो.

तळावरच्या दुकानातला माल एका आदेशाने हटवता येतो. ऑनलाइन मागवलेला डबा थेट बराकीत येतो, आणि तो सगळ्यात आधी दिसतो तो तिथल्या सार्जंटला.