ग्वाल्हेरच्या गडावरील कुळे

सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात, कण्हेरखेड नावाचे एक गाव आहे. शिंदे घराण्याची पाटिलकी या गावची, ही एक गोष्ट वगळली तर इतिहासाच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख येण्यास फारसे कारण पडले नसते. परंतु या गावापासून शेकडो कोस उत्तरेस, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर वसलेल्या सिंदिया स्कूलमध्ये, ज्यांनी कृष्णाकाठ कधी पाहिला नाही व ज्यांना मराठीचे एक वाक्यही धड बोलता येत नाही, अशी उत्तर हिंदुस्थानातील लहान लहान मुले ‘आम्ही कनेरखेडचे’ असे अभिमानाने सांगतात, आणि त्या नावासाठी मैदानावर गुडघे फोडून घेतात. कनेरखेड हे त्यांच्या वसतिगृहाचे, तेथील परिभाषेत त्यांच्या ‘हाउस’चे नाव होय. त्याच गडावर राणोजी, जयाप्पा, दत्ताजी, जनकोजी, महादजी, दौलत, जयाजी, माधव, जिवाजी अशीही हाउसे आहेत; म्हणजे मराठ्यांच्या उत्तरेकडील पराक्रमाची, आणि अपयशाचीही, एक अखंड वंशावळ तेथे विद्यार्थ्यांच्या निवासांना वाटून दिलेली आहे.

हाउस ही संस्था मूळची इंग्लंडातील, आणि तिचा उगम एखाद्या शिक्षणशास्त्रीय सिद्धांतात शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल, कारण ती निव्वळ बिऱ्हाडाच्या सोयीतून जन्मली. ईटन येथील विद्यालय सहाव्या हेन्रीने १४४० साली स्थापन केले, तेव्हा सत्तर निर्धन विद्यार्थ्यांच्या निवासाची तजवीज राजाच्या देणगीतून झाली होती. पुढे धनिकांची मुले मोठ्या संख्येने तेथे येऊ लागली, त्यांना विद्यालयाच्या आवारात जागा नव्हती, म्हणून ती गावातील घरांत, पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या बायांकडे राहू लागली, आणि कालांतराने या घरांचा कारभार शिक्षकांच्या हाती आला. घरातील मुले एकत्र जेवत, एकत्र झोपत, एकत्र मार खात. त्यातून जी आपुलकी व जी ईर्ष्या उत्पन्न झाली, तिचा शिक्षणासाठी उपयोग करून घेता येईल, हे एकोणिसाव्या शतकातील चतुर मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले. १८२८ ते १८४२ या काळात रग्बी येथे मुख्याध्यापक असलेल्या थॉमस आर्नल्डने वरच्या वर्गातील मुलांवर खालच्यांच्या वर्तनाची जबाबदारी टाकली, आणि हाउसमास्तर, कॅप्टन, प्रीफेक्ट ही जी उतरंड आज आपल्याला सनातन वाटते, ती त्या सुमारास दृढ झाली.

हिंदुस्थानात ही पद्धत आली ती राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी, आणि येताच तिने येथील रूप धारण केले. अजमेरच्या मेयो कॉलेजात, जे १८७५ साली उघडले, प्रत्येक संस्थानाने आपल्या राजपुत्रासाठी व त्याच्या भाऊबंदांसाठी स्वतंत्र निवास बांधला. जयपूर, जोधपूर, उदेपूर, बिकानेर, भरतपूर अशी त्यांची नावे असत. पहिले विद्यार्थी अलवारचे महाराज मंगलसिंह हे हत्तीघोड्यांच्या लवाजम्यासह दाखल झाले, यावरून तेथील हाउस म्हणजे शाळेच्या आवारात उभारलेली संस्थानाची वकिलातच होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. साठ वर्षांनी, १९३५ मध्ये, डेहराडूनला दून स्कूल सुरू झाले, तेव्हा काळ पालटला होता. कलकत्त्याचे बॅरिस्टर सतीश रंजन दास यांच्या कल्पनेतून उतरलेल्या या शाळेत जन्माला महत्त्व द्यावयाचे नाही असा संकल्प होता, आणि म्हणून तेथील हैदराबाद, काश्मीर, जयपूर, टाटा ही नावे देणगीदारांची स्मारके झाली. मेयोत नाव मालकाचे, दूनमध्ये दात्याचे. ग्वाल्हेरने तिसराच मार्ग धरला आणि नाव पूर्वजाचे दिले.

ग्वाल्हेरची शाळा १८९७ साली ‘सरदार स्कूल’ या नावाने महाराज माधवराव शिंदे यांनी काढली. महाराज त्या वेळी विशीतले होते, राज्याची पूर्ण मुखत्यारी हाती येऊन दोन-तीन वर्षेच झाली होती, आणि रेल्वेपासून दुष्काळनिवारणापर्यंत प्रत्येक गोष्टीत स्वतः लक्ष घालण्याचा त्यांचा उत्साह दांडगा होता. जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरवून पाहुण्यांपुढे मद्य व सुकामेवा पोहोचविणारे महाराज ते हेच. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो दरबारच्या सरदारांचा. शितोळे, आंग्रे, फाळके, महाडिक अशी जी घराणी दक्षिणेतून येऊन तेथे सरंजाम व जहागिरी उपभोगीत होती, त्यांच्या पुढच्या पिढीला तलवार चालविण्याचा प्रसंग येणार नव्हता; ब्रिटिशांच्या अमलात फौजेचे काम कवायतीपुरते उरले होते, आणि कारभाराचे काम शिक्षणावाचून जमणारे नव्हते. मानमरातब वारशाने मिळतो, हिशेब वारशाने कळत नाही, ही अडचण ओळखून महाराजांनी ही शाळा काढली. तेव्हा आरंभी तिचे दार कुळाच्या सनदेवरच उघडत असे, हे स्पष्टच आहे.

१९०८ मध्ये शाळा गावातून किल्ल्यावर आली, आणि या स्थलांतरात एक विलक्षण योगायोग आहे. १८५८ च्या जून महिन्यात झाशीची राणी व तात्या टोपे यांनी ग्वाल्हेर घेतले, जयाजीराव शिंद्यांना आग्र्यास पळून जावे लागले, आणि इंग्रजांनी गड जिंकून घेतल्यावर तो शिंद्यांना परत न करता तेथे आपली पलटण ठेवली. तब्बल अठ्ठावीस वर्षांनी, १८८६ मध्ये, झाशीच्या बदल्यात किल्ला शिंद्यांच्या हवाली झाला; गोरे सोल्जर उतरून गेले, त्यांच्या दगडी बराकी तेवढ्या मागे राहिल्या. याच बराकी दुरुस्त करून त्यांत सरदारांची मुले ठेवण्यात आली. ज्या भिंतींच्या आड परकी फौज महाराजांवर पहारा ठेवून होती, त्याच भिंतींच्या आड आता महाराजांच्या सरदारांची मुले इंग्रजी व्याकरण घोकू लागली. यात विजय कोणाचा मानावा, हे मला नीट ठरविता येत नाही.

गडाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. खालच्या गावापासून सुमारे ३०० फूट उंच उठलेल्या या लांबट खडकावर तोमर राजा मानसिंहाचा निळ्या फरशांनी मढविलेला महाल आहे, अकराव्या शतकातील सासबहूची मंदिरे आहेत, गुरू हरगोविंदांच्या बंदिवासाचे स्मरण देणारा गुरुद्वारा आहे. आणि गडाच्या पूर्वेकडील चढणीवर चतुर्भुजाचे जे लहानसे देऊळ आहे, त्यातील इ.स. ८७६ च्या शिलालेखात शून्याचे चिन्ह आजच्यासारखेच वाटोळे कोरलेले दिसते. गणितात शून्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे प्राचीन समर्थन अन्य कोणत्या शाळेत मिळेल?

१९२५ मध्ये माधवराव पॅरिसला निवर्तले, तेव्हा त्यांचे चिरंजीव जिवाजीराव अल्पवयीन होते, व १९३६ पर्यंत राज्याचा कारभार मंडळाकडे होता. याच संधिकाळात, १९३३ साली, शाळेचे रूपांतर झाले: ‘सरदार’ हे नाव जाऊन ‘सिंदिया स्कूल’ हे नाव आले, आणि कोणत्याही घरच्या मुलास प्रवेश मिळू लागला. या पालटाचे शिल्पकार प्राचार्य एफ. जी. पीअर्स हे थिऑसॉफीच्या वर्तुळातून हिंदुस्थानात आलेले इंग्रज गृहस्थ. त्यांच्या वृत्तीचा अंदाज एवढ्यावरून यावा, की पुढे त्यांनी जे. कृष्णमूर्तींच्या ऋषिव्हॅली शाळेचीही धुरा वाहिली. पब्लिक स्कूल ही चीज इंग्लंडहून जशीच्या तशी उचलून आणावयाची नाही, ही भावना त्या काळातील शाळेच्या घडणीत पदोपदी दिसते. शाळेचे ब्रीद विष्णुपुराणातून घेतलेले, विद्या ती जी मुक्त करते अशा आशयाचे आहे. आणि सायंकाळी गडाच्या पश्चिम कड्यावर, ‘अस्ताचल’ नावाच्या उघड्या दगडी पायऱ्यांवर, सगळी शाळा मावळत्या सूर्याकडे तोंड करून निःशब्द बसते, ही चाल ईटन-हॅरोच्या प्रार्थनामंदिराचे स्थान घेणारी असूनही तिच्यात कोणत्याही एका धर्माचा आग्रह नाही. माजी विद्यार्थ्यांशी बोलावे तर वर्ग विसरलेले असतात, गुण विसरलेले असतात, अस्ताचल मात्र कोणी विसरलेला आढळत नाही.

आता हाउसांच्या नावांकडे वळू. राणोजी हे मूळपुरुष. पहिल्या बाजीरावांच्या पदरी चढत चढत माळव्याच्या वाटणीचे धनी झालेले, १७४५ मध्ये वारलेले. जयाप्पा हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र, १७५५ मध्ये मारवाडात, नागोरनजीकच्या छावणीत दग्याने मारले गेले. दत्ताजींचा अंत १७६० च्या संक्रांतीच्या दिवसांत यमुनेकाठी बुराडी घाटावर झाला, आणि मरणसमयीचे म्हणून सांगितले जाणारे त्यांचे उद्गार मराठी वाचकाला पाठच आहेत. जयाप्पांचा मुलगा जनकोजी पानिपतावर पकडला गेला व मारला गेला. त्या वेळी तो विशीच्या आतच होता, म्हणजे त्याच्या नावाच्या हाउसात राहणाऱ्या मुलांहून फार मोठा नव्हे. (ग्वाल्हेरच्या गादीवर पुढे आणखी एक जनकोजी झाले, हा भाग निराळा.) पानिपतातून पायाला जखम घेऊन निसटले ते महादजी, आणि पुढील तीस वर्षांत त्यांनी दिल्लीच्या बादशहालाच आपल्या आश्रयाखाली आणले, १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीस त्यांचा देह पडला, तेथील छत्री आजही पाहावयास मिळते.

येथवर सर्व ठीक. परंतु दौलतरावांच्या नावाचे हाउस पाहून पुणेरी वाचकाच्या कपाळाला आठी पडल्यावाचून राहणार नाही. ज्यांच्या आशीर्वादाने सर्जेराव घाटग्यांनी पुण्याच्या सावकारांची व गृहस्थांची घरे धुऊन नेली, आणि ज्यांच्या काळात असई व लासवारी हरून १८०३ च्या डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह पत्करावा लागला, त्यांचे नाव मुलांनी जिंकण्यासाठी घ्यावे, हे चमत्कारिक खरेच. पण लष्करला, म्हणजे आजच्या ग्वाल्हेरला, १८१० मध्ये राजधानी त्यांनीच आणली, तेव्हा ग्वाल्हेरकरांच्या दृष्टीने ते संस्थापक ठरतात. इतिहास आपण कोठे बसून वाचतो यावर पुष्कळ अवलंबून असते. झाशीच्या राणीपुढून आग्र्यास पळालेल्या जयाजीरावांचेही तसेच. शिवाजी आणि विवेकानंद ही दोन हाउसे मात्र या वंशावळीच्या बाहेरची आहेत, आणि त्यामुळे सगळी यादी घराण्याच्या बखरीत अडकून पडण्यापासून वाचली आहे.

ही नावे केवळ पाटीवर असती तर त्यांचे एवढे कौतुक करण्याचे कारण नव्हते. परंतु वसतिशाळेत हाउस हाच मुलाचा खरा पत्ता असतो. वर्गात तो दिवसातले काही तास असतो; झोपणे, उठणे, संध्याकाळचा अभ्यास, आजारपण, घरून आलेले पत्र, शिक्षा, समजूत, हे सारे हाउसच्या छपराखाली घडते. हाउसमास्तर सहकुटुंब शेजारीच राहतात; लहान मुलांच्या हाउसात बटण लावून देणारी, ताप पाहणारी मेट्रन असते; वरच्या वर्गातील एक मुलगा कॅप्टन होतो व त्याच्या हाताखाली प्रीफेक्ट असतात. लहान मुले वयाने वाढली की धाकट्या हाउसातून थोरल्या हाउसात जातात, आणि कोणाला कोणते हाउस मिळावे हे शाळा ठरविते. हॉकी, क्रिकेट, वादविवाद, नाट्य, सर्वांत सामना हाउसांचा, आणि वर्षाअखेर गुणांची बेरीज होऊन चषक एकाकडे जातो. म्हणजे कानपूरच्या चामड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा आणि आसामच्या चहामळ्यातील मॅनेजरचा मुलगा हे दोघे शाळेच्या एका हुकमाने महादजींचे वंशज ठरतात, तर सख्खा भाऊ पलीकडच्या बराकीत जयाप्पांकडून लढतो. जन्मावर उभारलेल्या शाळेने जन्माची नावे अशा रीतीने वाटून टाकली, की त्यांत जन्माचा अर्थच उरला नाही. हाउस पद्धतीने ग्वाल्हेरात केलेले हे सर्वांत मोठे काम होय, आणि ते बहुधा कोणी योजून केलेले नसावे.

या व्यवस्थेचे दोषही तिच्याइतकेच जुने आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती बारा वर्षांच्या मुलावरचा अधिकार दिला, की त्याचा उपयोग कसा होईल हे त्या मुलाच्या स्वभावावर व हाउसमास्तरांच्या जागरूकतेवर अवलंबून राहते. हिंदुस्थानातील काय किंवा इंग्लंडातील काय, वसतिशाळांतून बाहेर पडलेल्या अनेकांच्या आठवणींत दंड, दहशत व एकटेपणा यांचे अध्याय आहेत. आपल्या मुलास अशा शाळेत पाठविणाऱ्या पालकाने इमारत, मैदाने व निकाल पाहण्याआधी हाउसमास्तरांना भेटावे, आणि रात्री दिवे मालवल्यावर लहानांच्या दालनात कोण मोठे माणूस असते, हे रोखठोक विचारावे, असे माझे मत आहे.

मुलींना मात्र या गडावरील हाउसांत जागा मिळाली नाही; त्यांच्यासाठी १९५६ मध्ये सिंदिया कन्या विद्यालय हे स्वतंत्र निवासी विद्यालय ग्वाल्हेरातच निघाले. गडावरून बाहेर पडलेल्यांत रेडिओचे अमीन सयानी आहेत, परराष्ट्र खात्याचे नटवरसिंह आहेत, उद्योगपती सुनील मित्तल आहेत. यांपैकी कोणाचेही घराणे शिंदे दरबारच्या सरदारांपैकी नव्हे, यावरून १९३३ चा निर्णय किती दूरवर पोहोचला ते दिसते. परंतु तो निर्णय अर्ध्यावरच थांबला आहे, हेही सांगितले पाहिजे. शिष्यवृत्त्या असतात, होतकरू मुलांना त्या मिळतात. तरी वर्षाची फी लाखांच्या घरात जाणाऱ्या शाळेत पाटलाचा मुलगा आपल्या बळावर येऊ शकत नाही, आणि राणोजी शिंदे हे तर कण्हेरखेडच्या पाटलाच्याच घरचे होते.