आबांचे सांबर

दिवाळीच्या अंकात चिरोटे-अनारसे सोडून मांसाच्या रश्श्याची गोष्ट सांगायला बसले आहे, याबद्दल शाकाहारी भगिनींची आधीच क्षमा मागते. पण भाऊबीज उलटली, फराळाच्या डब्यांच्या तळाशी नुसता चुरा उरला, की आमच्या कोल्हापूरकडच्या घरांत कोणीतरी हळूच म्हणतेच, "आता जरा काहीतरी तिखट होऊ द्या की!" माझी गोष्ट त्याच दिवसांतली. मात्र ती घडली स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हर्नेस गावी. आणि तिच्यातल्या रश्श्यात तिखट असे जवळजवळ काहीच नाही.

२०१४ सालच्या जूनमध्ये माझी आई गेली. नोकरीनिमित्त मी तेव्हा इन्व्हर्नेसला होते. नोव्हेंबरात आबांना मी माझ्याकडे घेऊन आले. आबांचे वय तेव्हा ७९. उभा जन्म मास्तरकीत गेलेला, त्यामुळे ताटात पडलेल्या प्रत्येक पदार्थाला शेरा दिल्यावाचून त्यांचा घास घशाखाली उतरत नसे. "मीठ कमी." "फोडणी जळाली." "बरं झालंय" म्हणजे पैकीच्या पैकी गुण. आईने हे शेरे पन्नासाहून अधिक वर्षे ऐकले आणि एकही मनावर घेतला नाही.

आता मात्र शेरे बंद झाले होते. भात कालवायचा, चार घास घ्यायचे आणि "बास" म्हणून हात धुवायला उठायचे. नव्या कवळीचे निमित्त होते, थंडीचे होते. दुपारी पावणेचार-चारला सूर्य मावळायचा; ते खिडकीशी बसून म्हणायचे, "काय मुलूख गं हा, दुपारीच दिवेलागण!" तेवढेच काय ते बोलणे. कोट अंगावर लोंबू लागला होता. तपासणी केली, तेव्हा पाच महिन्यांत नऊ किलो वजन उतरल्याचे कळले. रोग काही सापडला नाही. "त्यांना आवडेल ते करून घाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आवडेल ते! सांगणे सोपे होते. मी पांढरा रस्सा केला. नारळाचे दूध, खसखस, काजू, सगळे आईच्या मापाने. आबांनी दोन चमचे घेतले, वाटी सरकवली आणि शांतपणे म्हणाले, "तिच्यासारखं करायला जाऊ नकोस, पोरी." राग नव्हता त्यात, म्हणूनच ते अधिक लागले. रात्री भांडी घासताना मला उमगले, की आईने कधीकाळी केलेला कोणताही पदार्थ मी केला, तरी ताटात आधी तिची उणीव वाढली जाणार. पाहिजे होता तो आईने कधीच न केलेला पदार्थ. आणि आईने न केलेले असे होते तरी काय!

उत्तर मिळाले ते एका खाटकाच्या दुकानासमोर. औषधे घेऊन परतताना आबा दुकानाच्या काचेपाशी थबकले. चष्मा वर करून त्यांनी पाटी वाचली. "व्हेनिसन म्हणजे?" मी म्हटले, "हरणाचं मांस, आबा." ते काही क्षण तसेच उभे राहिले. "सांबर?" त्यांनी विचारले. "सांबर नव्हे, पण त्याच्याच नात्यातलं. इथलं तांबडं हरीण."

घरी येईपर्यंत आबा बोलत होते. पाच महिन्यांत इतके शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. माझे आजोबा कोल्हापूर संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते. दाजीपूरचे जंगल म्हणजे महाराजांचे राखीव शिकारीचे रान. तिकडे शिकार झाली, की पुष्कळदा लहानसहान नोकरांच्या घरीही वाटा येई, पळसाच्या पानांत बांधलेला. आजी तो तपेल्यात घाली, झाकणाला कणकेने लिंपण करी आणि शेणीच्या विस्तवावर रात्रभर ठेवून देई. "मसाला बेताचाच. सकाळी झाकण काढलं की चमच्यानं तुटायचं," आबा म्हणाले. "आठ-नऊ वर्षांचा असेन मी." १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. १९५८ साली दाजीपूरचे अभयारण्य झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर ही गोष्ट केवळ आठवणीत राहिली. राहिली हे योग्यच झाले. आपल्याकडे हरणाच्या मांसाचा नुसता विचारही कोणी करू नये. तो गुन्हा आहे आणि असायलाच हवा.

स्कॉटलंडात कथा उलटी आहे. तिथला लांडगा तीनेकशे वर्षांपूर्वीच नामशेष झाला. हरणांना खाणारे कोणी उरले नाही, आणि हरणे वाढून रानातली कोवळी रोपे वर येण्याआधीच फस्त करू लागली. म्हणून तिथे ठरल्या मोसमात माणसानेच ती मारायची असतात. तांबड्या हरणाच्या माद्यांचा मोसम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. हे मी आबांना समजावले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्याकडं वाघ राखायला हरीण राखायचं, आणि यांच्याकडं झाड राखायला हरीण मारायचं." मास्तर जागे होत होते.

दुसऱ्या दिवशी मी एक किलो मांस आणले. महाग ते चांगले, या हिशेबाने मांडीचे. तुकडे केले, कांदा-गाजरांबरोबर पातेल्यात घातले आणि मोठ्या आचेवर तासभर खळाखळा उकळले. परिणाम काय वर्णावा! पायपुसणे भिजवून वाळवले आणि पुन्हा भिजवले, तर असे काहीसे होईल. आबांनी एक तुकडा बराच वेळ घोळवला, मग हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवला. "सांबर म्हातारं होतं वाटतं," ते म्हणाले.

मैत्रिणींनो, माझा पदार्थ साफ फसला होता आणि मला हसू आवरेना. शेरा परत आला होता!

मी तडक खाटकाकडे गेले. माझी तक्रार ऐकून त्या गृहस्थाने मान हलवली आणि माझ्यापुढे खांद्याचे आणि नळीचे मांस ठेवले. ते मांडीपेक्षा स्वस्त निघाले! त्यामागचे शास्त्र मी पुढे वाचून घेतले. जे स्नायू सतत राबतात, त्यांच्यात चिवट धाग्यांचे जाळे असते. त्याला कोलॅजन म्हणतात. मंद आचेवर दोन-तीन तास ठेवले, की हेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होते, आणि रश्श्याला ओठ चिकटतील असा दाटपणा येतो. आजीच्या रात्रभराच्या विस्तवाचे इंगित हेच. मांडीच्या मांसात असे धागे कमी, चरबी तर नाहीच म्हटले तरी चालेल. ते झटपट परतून खायचे. त्याला उकळत ठेवले, की तंतू आवळतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि मागे उरते ते आमचे पायपुसणे.

पुढच्या रविवारी पुन्हा मांडामांड केली. एक किलो खांद्याचे मांस, दीड-दीड इंचाचे तुकडे. तुकडे आधी फडक्याने चांगले कोरडे करायचे. ओले मांस परतले जात नाही, वाफवले जाते. दोन चमचे मैदा आणि मीठ-मिरपूड चोळून, जाड बुडाच्या भांड्यात थोड्या तेलावर ते तपकिरी होईतो परतायचे. सगळे एकदम ओतू नये. तीन हप्त्यांत करावे. परतल्याने मांसाचे तोंड बंद होऊन रस आत कोंडला जातो, असे अजून पुष्कळ सुगरणी सांगतात. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही समजूत रूढ केली. ती चुकीची आहे. परतलेला तुकडा तव्यावर चुरचुरत राहतो, ते पाणी बाहेर पडत असल्यामुळेच ना! परतायचे ते रंगासाठी आणि खमंगपणासाठी, आणि तेवढ्यासाठी ते केलेच पाहिजे.

मांस काढून त्याच भांड्यात दोन मोठे कांदे, तीन गाजरे आणि अर्धा पिवळा सलगम. या सलगमाशिवाय स्कॉट माणसाचा हिवाळा जात नाही. मग तमालपत्र, थाइम नावाचा, साधारण ओव्याच्या वासाचा पाला, आणि ज्युनिपरची सहा-सात फळे ठेचून. ही म्हणजे आपल्या वैद्यांची हपुषा. शेवटी रेड करंट नावाच्या आंबटगोड फळांची एक चमचा जेली आणि मूठभर जव.

राहता राहिली तांबडी वाइन. एक पेलाभर घालतात. माझा हात अडखळला, कारण आबा तोवर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. परतलेल्या मांसाच्या वासाने ते अंथरुणातून उठून आले होते, गळ्याला मफलर, डोक्याला कानटोपी.

"काय ते?" त्यांनी बाटलीकडे बोट केले.

"वाइन. नको असेल तर नाही घालत. शिजताना उडून जाते, पण अडीच तासांनीसुद्धा शेकडा पाच भाग उरते म्हणतात."

आबांनी मनाशी हिशेब केला. "पेल्यात शेकडा पाच. माणसं दोन. घाल," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

वाइनने तळाची तपकिरी खरवड सुटली. सगळी चव तिच्यात असते, ती सोडवून घ्यावी. मग मांस परत आत टाकून सव्वा लिटर कढत पाणी घातले आणि भांडे झाकून १५० अंशांच्या भट्टीत ठेवले. तीन तास. आबा तिथून हलले नाहीत. मध्येच त्यांनी उरलेले गाजर मागून घेतले आणि उगाचच सोलत बसले. गाजराहून साल जाड निघत होती. आजीच्या तपेल्याला कल्हई कोण करी, शिकारीचा वाटा घेऊन येणारा शिपाई उंबऱ्याबाहेरच कसा बसे, असे काहीबाही सांगत राहिले. आईचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

जेवणे संध्याकाळी झाली. ताटे गरम करून घेतली होती. हरणाची चरबी निवली की लगेच टाळूला मेणासारखी चिकटते. आबांनी चमच्याने एक तुकडा दाबला. तुटला. त्यांनी तो खाल्ला, मग रस्सा, मग गाजर. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"हे आपलं अळणीच आहे की गं," ते म्हणाले.

आमच्याकडे मटण शिजवल्यावर तिखट घालण्याआधी निघतो तो अळणी रस्सा. लहान मुलांना आणि दुखणाइतांना देतात. मी खचले. पण आबा उठले आणि आपल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली एक बरणी होती. कांदा-लसूण चटणी. त्या बॅगेतली बरणी मी पहिल्याच दिवशी पाहिली होती आणि तिला हात लावायचा मला धीर झाला नव्हता. आईने एप्रिलात, जायच्या दोन महिने आधी, वर्षाची म्हणून कुटून घेतलेली चटणी. आबांनी ती कोल्हापुराहून इतक्या लांब आणली होती आणि तिचे झाकण एकदाही उघडले नव्हते.

झाकण घट्ट बसले होते. त्यांना उघडेना, मला उघडेना. शेवटी गरम पाण्याखाली धरून उघडले. सगळ्या स्वयंपाकघरात आईच्या घराचा वास पसरला. आबांनी अर्धा चमचा स्वतःच्या ताटाच्या कडेला घेतली, अर्धा माझ्या. रश्श्यात कालवली आणि खाली मान घालून जेवू लागले. पाव कमी पडला. दुसऱ्यांदा वाढून घेतले, तेव्हा म्हणाले, "बरं झालंय." कशाबद्दल म्हणाले ते मी विचारले नाही.

फेब्रुवारीत आबा परत गेले, तेव्हा साडेचार किलो वजन वाढले होते. कृती त्यांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली. तिकडे अर्थात बोकडाचे मटण, खांद्याचे आणि नळीचे. जेलीऐवजी दोन आमसुले आणि गुळाचा खडा, सलगमाऐवजी नवलकोल, थाइमऐवजी चिमूटभर ओवा. वाइन त्यांनी "ऐच्छिक" अशी लिहून घेतली. ज्यांच्यापाशी भट्टी नाही त्यांनी जाड पातेल्याला कणकेचे लिंपण करून अगदी मंद आचेवर दोन तास ठेवावे. घाई असेल तर प्रेशर कुकरमध्ये पहिल्या शिटीनंतर बारीक गॅसवर वीस-पंचवीस मिनिटे. पण आधीचे परतणे चुकवू नये. आणि शक्य तर आदल्या दिवशी करावे. रात्रभर मुरले की चव एकजीव होते, वर थिजलेली चरबीही अलगद काढता येते.

आबा दर रविवारी करीत. फोनवर अहवाल येई: गाजरं गोड निघाली, जव जास्त पडले, शेजारच्या मुलांनी पातेलं पुसून नेलं. मार्च संपता संपता एकदा म्हणाले, "चटणी संपत आली. मिरच्या किती घेत होती गं ती?" मला ठाऊक नव्हते. कधी विचारलेच नव्हते.

मग त्यांनी मावशीला विचारले. एप्रिलात बाजारात जाऊन संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या स्वतः निवडून आणल्या, गच्चीवर वाळवल्या आणि डंखावर उभे राहून चटणी कुटून घेतली. माझ्या वाट्याची बरणी मे महिन्यात एका ओळखीच्यांबरोबर आली. वर चिठ्ठी होती: मीठ जरा जास्त झालं आहे, बेतानं घाल.