नाताळची भेट आणि चांगुलपणाचा सौदा

ब्रिटनमधल्या रुग्णालयांत नाताळच्या दिवसांत मुलांच्या वॉर्डात सांताक्लॉज येतो. २०१५च्या नाताळात तो कुठे पोचला आणि कुठे पोचला नाही, याची माहिती काही संशोधकांनी १८६ रुग्णालयांमधल्या कर्मचाऱ्यांकडून गोळा केली आणि पुढच्या वर्षी ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात छापून आली. या अंकात दरवर्षी हलक्याफुलक्या विषयांवरचे, पण खऱ्या आकडेवारीवर उभे असलेले अभ्यास असतात. इथे प्रश्न असा होता: सांता गुणी मुलांकडे जातो आणि खोडकर मुलांना वगळतो, हे खरं का? संशोधकांनी त्या त्या भागातल्या प्राथमिक शाळांमधली गैरहजेरी पाहिली. १० ते १७ वर्षांच्या मुलांना गुन्ह्यांसाठी झालेल्या शिक्षांचं प्रमाण पाहिलं. उत्तर ध्रुवापासूनचं अंतरसुद्धा मोजलं. सांताच्या येण्या-न येण्याशी यातल्या कशाचाच संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो गरिबीशी. इंग्लंडमध्ये एकूण ८९ टक्के वॉर्डांत सांता गेला होता. पण ज्या भागात हलाखी जास्त, तिथल्या वॉर्डात तो न येण्याची शक्यताही जास्त होती.

मला हा अभ्यास नाताळच्या गंमतीपलीकडचा वाटतो. सांताजवळ यादी असते, तो वर्षभराचं वागणं पाहतो आणि त्याप्रमाणे भेट देतो, असं आपण मुलाला सांगतो. सुट्टी संपवून मूल शाळेत परततं. शेजारच्या बाकावरच्या मुलाला सायकल मिळालेली असते, याला रंगपेटी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला घरातला हिशेब ठाऊक नसतो. त्याला सांगितलेला नियम मात्र पक्का ठाऊक असतो, आणि त्या नियमाने निघणारं उत्तर एकच: मी कमी चांगला आहे. आई-बापांच्या पगारातला फरक मुलाच्या स्वभावाच्या खात्यावर लिहिला जातो.

ही यादी आली कुठून? न्यूयॉर्कमध्ये १८२१ साली 'द चिल्ड्रन्स फ्रेंड' नावाचं एक छोटं सचित्र पुस्तक निघालं. रेनडिअरच्या घसरगाडीतून येणारा सांता छापील रूपात दिसतो, त्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. त्यातला सांता चांगल्या मुलांसाठी खेळणी ठेवतो आणि हट्टी मुलांच्या आई-बापांसाठी छडी ठेवून जातो. ऑस्ट्रियात डिसेंबरच्या सुरुवातीला, संत निकोलसच्या सणाच्या आदल्या रात्री, शिंगं असलेला क्रॅम्पस मुलांना भेडसावत हिंडतो. आइसलँडमध्ये नाताळच्या आधीच्या तेरा रात्री मुलं खिडकीत बूट ठेवतात; तेरा भावांपैकी रोज एक जण येतो आणि खोडकर मुलाच्या बुटात बटाटा टाकतो. अमेरिकेत १९३४ साली रेडिओवरून सांता गावात येतो आहे असं सांगणारं गाणं घराघरांत पोचलं आणि सांताची यादी सगळ्यांना पाठ झाली. २००५ साली जॉर्जिया राज्यातल्या कॅरोल एबरसोल्ड आणि त्यांची मुलगी चांडा बेल यांनी 'द एल्फ ऑन द शेल्फ' हे पुस्तक काढलं, सोबत एक बाहुला. हा बाहुला फडताळावर बसून दिवसभर मुलाकडे पाहतो आणि रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला अहवाल देतो. मुलाने त्याला हात लावायचा नाही. रोज रात्री मुलं झोपल्यावर त्याची जागा बदलायचं काम आई-बापांचं.

आपल्याकडेही हे वळण नवं नाही. बागुलबुवा येईल, पोलीसकाका पकडून नेतील, देव वरून बघतोय, ही वाक्यं ऐकत आपण मोठे झालो. आता मुंबई-पुण्यातल्या शाळांत आणि मॉलमध्ये सांता येतो, न्यू जर्सी-लंडनच्या मराठी घरांत झाडाखाली भेटी ठेवल्या जातात, आणि डिसेंबरभर तिथेही धमकी ऐकू येते: असं वागलास तर सांता येणार नाही हं.

धमकीने काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. कुणीतरी बघतंय या जाणिवेने मुलं सावरून वागतात, याला चांगला पुरावा आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना एक खेळ दिला: लक्ष्याकडे पाठ करायची आणि नेहमीचा हात न वापरता चेंडू मागे टाकून लक्ष्यावर चिकटवायचा. नियम पाळून हे जमणं जवळपास अशक्यच. काही मुलांना खोलीत एकटं सोडलं, काहींसोबत मोठं माणूस बसलं, आणि काहींना एक रिकामी खुर्ची दाखवून सांगितलं की तिथे अ‍ॅलिस नावाची अदृश्य राजकन्या बसली आहे. अ‍ॅलिस आहे असं मानणारी मुलं मोठ्या माणसासमोरच्या मुलांइतकीच नियमाला धरून राहिली. तेव्हा फडताळावरचा बाहुला निदान काही दिवस काम करतो, हे पटण्याजोगं आहे. अडचण पुढे आहे. खुर्ची रिकामी आहे हे कळलं की धाक संपतो. सांताचं गुपितही एक ना एक दिवस फुटतंच.

त्याहून मोठी अडचण म्हणजे धाकाखाली मूल काय शिकतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते आठ वर्षांच्या ३७२ मुलांवर प्रयोग केला. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, वळून बघू नकोस असं सांगायचं आणि मिनिटभर बाहेर जायचं. छुप्या कॅमेऱ्यात दिसलं की सुमारे दोनतृतीयांश मुलांनी वळून पाहिलं. त्यांतल्या साधारण दोनतृतीयांश मुलांनी नंतर 'नाही पाहिलं' असं सांगितलं. मोठ्यांना याचं नवल वाटायला नको. खरा निष्कर्ष पुढचा: पाहिलं असशील तर शिक्षा होईल, असं बजावलेली मुलं खरं बोलण्याची शक्यता घटली. शिक्षेची भीती न घालता, खरं बोलणं योग्य आहे किंवा खरं बोललास तर मला आनंद होईल, असं सांगितल्यावर ती वाढली. 'नाताळ रद्द' ही लहान मुलासाठी सगळ्यांत मोठी शिक्षा. तिच्या सावलीत तीन आठवडे काढणारं मूल लपवायला शिकलं तर दोष त्याचा कसा?

आता बक्षिसाकडे वळू. बक्षीस धमकीपेक्षा सौम्य, म्हणून निरुपद्रवी, असा आपला समज असतो. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत केलेल्या प्रयोगाने या समजाला तडा दिला. त्यांनी मुद्दाम चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र दिलं, पण चित्र झाल्यावर, अचानक. तिसऱ्या गटाला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं पुन्हा ठेवली आणि कोण आपणहून किती वेळ चित्रं काढतंय ते लांबून पाहिलं. आधी ठरवून बक्षीस घेतलेल्या मुलांनी इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रं काढली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड तशीच राहिली. म्हणजे बक्षिसाने बिघाड केला नव्हता, सौद्याने केला होता. जे खेळणं होतं, ते काम झालं.

मदत करण्याबाबतही असंच दिसलं. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली २० महिन्यांच्या मुलांसोबत काम केलं. या वयाची मुलं समोरच्याच्या हातून पडलेली वस्तू स्वतःहून उचलून देतात. कुणी शिकवावं लागत नाही. काही मुलांना प्रत्येक मदतीबद्दल एक खेळणं दिलं गेलं. नंतर खेळणं देणं थांबल्यावर या मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळा मदत केली. शाब्दिक कौतुक मिळालेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. आपण डिसेंबरमध्ये नेमकं हेच करतो: आपसूक असलेल्या चांगुलपणाला किंमत लावतो आणि जानेवारीत ती देणं बंद करतो.

यावरून सगळी बक्षिसं टाकाऊ ठरवणं मात्र चूक होईल. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ साली १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. मुळात रस असलेल्या कामावर ठरवून दिलेल्या वस्तुरूप बक्षिसाचा वाईट परिणाम होतो, असं त्यात दिसलं. कंटाळवाण्या कामांबाबत तसं दिसलं नाही. दात घासणं, पसारा आवरणं यासाठी तक्त्यावर चांदण्या चिकटवणाऱ्या आईने अपराधी वाटून घेऊ नये. फक्त ती चांदणी त्याच क्षणी मिळायला हवी. येल विद्यापीठाचे अ‍ॅलन काझ्दिन यांनी मुलांच्या वर्तनावर अनेक दशकं काम केलं. त्यांचा आग्रह असतो की कौतुक लगेच व्हावं, मनापासून व्हावं, आणि नेमकं कशाबद्दल ते मुलाला कळावं. नुसतं 'गुणी बाळ' म्हणून उपयोग नाही. 'ताईचं खेळणं न मागता परत दिलंस, हे मला फार आवडलं' असं म्हणा आणि पाठीवर हात फिरवा. पाच तारखेला घडलेल्या गोष्टीचं फळ पंचवीस तारखेला देणारा सांता या कसोटीला कधीच उतरणार नाही. शिवाय एखादा दिवस कितीही वाईट गेला तरी भेट रद्द होत नाही, आणि होऊही नये. न पाळली जाणारी धमकी मुलं फार लवकर ओळखतात.

सणात मुलं बिथरतात, याचा दोष आपण बहुधा केकला आणि चॉकलेटला देतो. साखरेने मुलं चेकाळतात, ही समजूत काटेकोर चाचण्यांत टिकलेली नाही. १९९५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा आला, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम आढळला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा डॅनियल हूव्हर आणि रिचर्ड मिलिच यांचा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. साखर आपल्या मुलाला चढते असं मानणाऱ्या आयांना आणि त्यांच्या पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांना त्यांनी बोलावलं. निम्म्या आयांना सांगितलं, मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात कुणालाच साखर दिली नव्हती. तरीही त्या आयांना आपला मुलगा जास्त धुडगूस घालतोय असं वाटलं. त्या त्याच्या जास्त जवळ घुटमळल्या आणि त्याला जास्त टोकत राहिल्या. यादी घेऊन बसलेल्या पालकाचंही हेच होतं. दोष शोधायला बसलेल्या डोळ्याला दोषच दिसतात. उशिरापर्यंतचं जागरण, पाहुण्यांची वर्दळ, मोडलेली जेवणाची वेळ यांनी थकलेलं मूल त्याला खोडकर वाटतं.

मग सणाने मुलाला काही शिकवायचंच नाही का? शिकवावं, आणि त्यासाठी सण खरोखर चांगली संधी आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लारा अ‍ॅक्निन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी २०१२ साली दोन वर्षांखालच्या मुलांना खाऊ दिला आणि समोरच्या बाहुल्यालाही द्यायला सांगितलं. चेहऱ्यावरचा आनंद मोजला. खाऊ मिळताना जेवढी मुलं खुलली, त्याहून अधिक तो देताना खुलली. आणि संशोधकाने पुढे केलेला खाऊ देण्यापेक्षा आपल्या वाटीतला देताना त्यांचा आनंद जास्त होता. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून नाताळला नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंकाची ताटं शेजारच्या हिंदू घरी जातात आणि चतुर्थी-दिवाळीला शेजारून फराळ येतो. ते ताट मुलाच्या हाती द्या. त्यात आपल्या वाट्यातलं काय ठेवायचं, हे त्यालाच ठरवू द्या. कुणाला काय आवडेल याचा विचार करायला लावणारा एक तास महिनाभराच्या पाळतीपेक्षा मोलाचा आहे.

सांताची गोष्टच मोडीत काढावी, असं माझं म्हणणं नाही. कार्ल अँडरसन आणि नॉर्मन प्रेंटिस यांनी १९९४ साली सांताचं सत्य कळलेल्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून पाहिलं. साधारण सातव्या वर्षी बहुतेक मुलांनी ते स्वतःच शोधून काढलं होतं आणि त्यांना वाटलेल्या भावना मुख्यतः चांगल्या होत्या. वाईट वाटलं ते पालकांना! गोष्टीतला म्हातारा, त्याची घसरगाडी, त्याच्यासाठी ठेवलेलं दूध-बिस्किट, हे सगळं राहू द्या. काढून टाका ती यादी.

आणि 'सांता येणार नाही' असं आधीच बोलून गेला असाल, तर पंचवीस तारखेची वाट पाहू नका. आज रात्री झोपवताना मुलाला सरळ सांगा: भेट तुला मिळणारच आहे, ती आमच्या प्रेमाची आहे. भावाला मारलंस, त्याबद्दल आपण वेगळं बोलू.